एका चेंडूचा भाव

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणली, तेव्हापासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक वाक्य वरचेवर येतं: ‘अमेरिकेने सट्टा कायदेशीर केला, सरकारला कर मिळतो, सगळं उघड चालतं, मग आपणच झाकून का ठेवायचं?’ लगेच दुसरा कोणीतरी तितक्याच हिरिरीने लिहितो, ‘अमेरिकेत पोरं कर्जात बुडालीत, जरा बघा तिकडे.’ दोघांनाही अमेरिका साक्षीदार म्हणून हवी आहे. इथे ओहायोत राहून रोज बेसबॉल बघणाऱ्याला मात्र ही साक्ष दोन्ही पक्षांना अडचणीत आणणारी वाटते.

आधी घरचा कायदा. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद धरून आपली न्यायालयं १९५७ च्या चमारबागवाला खटल्यांपासून निवाडे देत आली. त्या भेदाच्या आडोशाने रमी आणि फँटसी क्रिकेट उभं राहिलं. नव्या कायद्याने तो भेदच पुसला: पैसे लावून पैसे जिंकायचे असतील तर कौशल्य असो वा नशीब, बंद. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ड्रीम११ हे नाव भारतीय संघाच्या छातीवरून उतरलं आणि सप्टेंबरचा आशिया कप आपली पोरं कोऱ्या जर्सीत खेळली. कायद्याच्या महिनाभर आधी तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप गाजला होता. आपण जाहिरात बंद करत होतो, असं ते म्हणाले. नंतर त्यांचं खातं बदललं आणि नवीन खातं मिळालं ते क्रीडा. असली कोटी सरकारशिवाय दुसऱ्या कोणाला सुचली नसती.

इथला, म्हणजे अमेरिकेतला, इतिहास उलटा चालला. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने नेवाडासारखे अपवाद वगळता राज्यांना खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी देता येत नव्हती. १४ मे २०१८ रोजी न्यू जर्सीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. त्याच वर्षी जुलैत आपल्या विधी आयोगाचा २७६ वा अहवाल आला: सट्टा पूर्ण थांबवणं जमत नसेल तर नियमन करा, खाती आधार किंवा पॅनशी जोडा, रोखीला बंदी घाला, रकमेला मर्यादा ठेवा. त्याआधी जानेवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती लोढा समितीनेही खेळाडू आणि पदाधिकारी वगळून सट्टा कायदेशीर करायला सुचवलं होतं. आपण ते अहवाल कपाटात ठेवले. अमेरिकेत पस्तीसहून अधिक राज्यांनी दारं उघडली, कॅलिफोर्निया आणि टेक्सास अजून बाहेर आहेत. वॉशिंग्टनच्या नॅशनल्स पार्क या बेसबॉल मैदानाला सट्ट्याचं दालन जोडलं गेलं, शिकागोच्या रिग्ली फील्डलाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर सामने दाखवणाऱ्या प्रादेशिक वाहिन्यांचं नावच एका सट्टा कंपनीवरून ठेवलं गेलं.

घरच्या वादात ‘सट्टा’ ही एकच वस्तू समजली जाते. कोण जिंकणार यावर पैसे लावणं वेगळं आणि आता पडणारा चेंडू कसा पडेल यावर लावणं वेगळं. कायदेशीर की बेकायदेशीर, या प्रश्नापेक्षा हा फरक मोठा आहे. बेसबॉलने तो नीट दाखवला.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. पिचर साठ फूट सहा इंचांवरून चेंडू फेकतो. फलंदाजासमोरची प्लेट १७ इंच रुंद; त्या रुंदीत, ढोबळमानाने गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंतचा भाग म्हणजे स्ट्राइक झोन. आतून गेला तर स्ट्राइक. बाहेरून गेला आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही तर ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, चार बॉल झाले की त्याला पहिला तळ, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट. म्हणजे पहिलाच चेंडू बाहेर गेला तर पिचरचं फारसं बिघडत नाही; एक बॉल, शून्य स्ट्राइक इथून तो सहज परत येतो. एका सामन्यात दोन्हीकडचे मिळून असे तीनशेच्या आसपास चेंडू पडतात.

प्रत्येक मैदानात उच्च वेगाचे १२ कॅमेरे चेंडूचा वेग, फिरकी आणि जागा मोजतात. तो आकडा क्षणात सट्टा कंपन्यांपर्यंत पोहोचतो. सामना रेंगाळू नये म्हणून २०२३ पासून पिचरवर घड्याळ लावलंय: तळ रिकामे असतील तर १५ सेकंद, तळावर माणूस असेल तर आता १८. खेळ खरोखर सुटसुटीत झाला, मला हा नियम आवडतोच. पण त्यामुळे सट्ट्याच्या अ‍ॅपला ताल मिळाला. पुढचा चेंडू बॉल की स्ट्राइक, वेग अमुक मैलांच्या वर की खाली, भाव आला, बोट टेकवलं, निकाल लागला. आपल्याकडचे बुकी सहा किंवा दहा षटकांचं ‘सेशन’ खातात, म्हणजे तेवढ्या षटकांत किती धावा होतील यावर पैजा घेतात. इथे सेशन एका चेंडूवर येऊन ठेपलं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रुकलिनच्या फेडरल न्यायालयात क्लीव्हलंड गार्डियन्सच्या दोन पिचरवर आरोपपत्र आलं: एमॅन्युएल क्लासे आणि लुईस ऑर्टिझ. दोघांनी आरोप नाकारले आहेत. आरोप असा की ठरलेला चेंडू ठरल्याप्रमाणे टाकायचा, झोनबाहेर किंवा कमी वेगाने, आणि ओळखीच्या सटोडियांना आधी कळवायचं. त्यातून सटोडियांनी निदान साडेचार लाख डॉलर मिळवले, असं सरकारी वकिलांचं म्हणणं. क्लासे हा साधा गडी नव्हे. शेवटच्या डावात येऊन सामना बंद करणारा, मेजर लीग या इथल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतल्या उत्तम क्लोजरपैकी एक, पाच वर्षांसाठी दोन कोटी डॉलरचा करार असलेला. ऑर्टिझला एका चेंडूसाठी पाच हजार, पुढच्या वेळी सात हजार डॉलर मिळाल्याचा आरोप आहे. रक्कम इतकी किरकोळ, आणि घोटाळ्याच्या सोयीचं सगळं गुपित तिथेच आहे.

२८ मे २०२५ चा, लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्धचा एक चेंडू घ्या. आरोपपत्रानुसार सटोडियांनी सुमारे चार हजार डॉलर ‘बॉल’वर लावले होते. क्लासेने चेंडू खाली टाकला. पण अँडी पाहेसने त्यावर बॅट फिरवली. बॅट फिरली की स्ट्राइक, पैसे गेले. सामन्यानंतर एका सटोडियाने गळफास घेणाऱ्या माणसाचं हलतं चित्र पाठवलं, उत्तरादाखल क्लासेकडून खट्टू कुत्र्याच्या पिल्लाचं चित्र गेलं. साडेतीन लाख रुपयांचा सौदा फसतो आणि दोन्हीकडची प्रतिक्रिया शाळकरी पोरांच्या गटातली! आपण सामना विकतोय असं यात कोणाला वाटत असल्याची खूण दिसत नाही, आणि एका अर्थाने कोणी सामना विकतही नसतो.

सामना विकायचा तर १९१९ सारखं करावं लागतं. शिकागो व्हाइट सॉक्सचे आठ खेळाडू त्या प्रकरणात अडकले, वर्ल्ड सिरीज गेली, १९२१ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी कमिशनर लँडिसने आठही जणांना कायमचं बाहेर काढलं. इतक्या जणांना फोडायचं म्हणजे पैसा लागतो, आणि कोणीतरी बोलतंच. एका चेंडूला एकच माणूस पुरतो. हरावं लागत नाही, सोबत्यांना सांगावं लागत नाही, आणि आकडेवारीत डागही दिसत नाही.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवर मोहम्मद आमिर आणि मोहम्मद आसिफ यांनी टाकलेले नो-बॉल याच जातीचे. एक धाव जादा, बाकी सामना जागच्या जागी. २०१३ च्या आयपीएलमध्ये दिल्ली पोलिसांचा आरोप होता की गोलंदाजाने कमरेला टॉवेल खोचायचा आणि त्या षटकात ठरलेल्या धावा द्यायच्या. २०१५ मध्ये न्यायालयाने त्या खेळाडूंना आरोपमुक्त केलं, क्रिकेट मंडळाची बंदी मात्र कायम राहिली. आता तिसरा पंच गोलंदाजाचं पुढचं पाऊल कॅमेऱ्यातून तपासतो, आणि बेसबॉलमध्ये २०२६ च्या हंगामापासून पंचाच्या बॉल-स्ट्राइक निर्णयाला यंत्रापुढे आव्हान देता येतं. दोन्ही चांगलं. पण ही यंत्रं पंचाचा डोळा तपासतात. चेंडू बाहेर गेला हे ती इंचात सांगतील. तो घालवला की गेला, हे सांगायला कॅमेरा कामाचा नाही.

मग पकडलं कसं? इथे कायदेशीर सट्ट्याच्या बाजूने बोलावं लागतं, आणि घरच्या बंदीवाल्यांनी हा भाग गिळावा. ऑर्टिझचे दोन चेंडू संशयात आले: १५ जून २०२५ ला सिअ‍ॅटलविरुद्ध आणि २७ जूनला सेंट लुईसविरुद्ध, दोन्ही डावातले पहिले चेंडू, दोन्ही झोनच्या बऱ्याच बाहेर पडलेले स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळणारे चेंडू. त्या दोन चेंडूंवर ओहायो, न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा राज्यांतून नेहमीपेक्षा भलतेच पैसे आले. व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या कंपनीने इशारा दिला, ऑर्टिझला ३ जुलैला रजेवर पाठवलं, क्लासेला २८ जुलैला. वही होती म्हणून हे झालं. प्रत्येक पैज नावावर, वेळ सेकंदात, फोन कुठे होता तेही नोंदलेलं. लॉर्ड्सचं प्रकरण एका वृत्तपत्राने सापळा लावला म्हणून फुटलं, २०१३ चं दिल्ली पोलिसांनी फोन ऐकले म्हणून. आपल्याकडे वही बुकीच्या डोक्यात किंवा जाळायच्या कागदावर. तिथे इशारा द्यायला कोणी बसलेलं नसतं.

बंदीचं आणखी एक दुखणं कॅलिफोर्नियात दिसलं, जिथे खेळांवरचा सट्टा आजही बेकायदेशीर आहे. बेसबॉलचा जपानी तारा शोहेई ओतानी याचा दुभाषी इप्पेइ मिझुहारा तिथल्या बेकायदेशीर बुकीकडे खेळायचा. डिसेंबर २०२१ ते जानेवारी २०२४ या काळात सुमारे १९,००० पैजा. जिंकले १४ कोटी २० लाख डॉलर, हरले १८ कोटी ३० लाख. फरक चार कोटींहून जास्त, पगार दुभाष्याचा. हे शक्य कसं झालं? उधारीमुळे. कायदेशीर अ‍ॅपमध्ये आधी पैसे भरावे लागतात, खातं रिकामं झालं की खेळ थांबतो. बुकी मात्र ‘खेळ, वलण नंतर बघू’ म्हणतो, कारण उधारीत बुडालेला माणूस हा त्याचा कायमचा गिऱ्हाईक. मिझुहाराने बँकेला फोन करून आपण ओतानीच असल्याचं भासवलं आणि जवळपास १ कोटी ७० लाख डॉलर वळवले. त्याला ५७ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्या पैजांत बेसबॉलवरची एकही नव्हती, म्हणून खेळ वाचला. मुंबई-नागपूरच्या बुकींच्या उधारीवर ज्यांचे फ्लॅट गेले, त्यांच्या घरच्यांना यात नवं काही वाटणार नाही.

तरी ‘मग कायदेशीर करूनच टाका’ असं मी म्हणणार नाही. वहीने चोर पकडला खरा, पण ती चोरी करण्याजोगा माल वहीवाल्यांनीच दुकानात मांडला होता. २०१८ पूर्वी अमेरिकेत एका पिचवर, म्हणजे पिचरने फेकलेल्या एका चेंडूवर, पैसे लावायला सर्वसामान्य माणसाला बाजारच नव्हता. कंपन्यांनी तो तयार केला, कारण सामन्याच्या निकालावर गिऱ्हाईक एकदाच पैसे लावतं, चेंडूवर मात्र संध्याकाळभर लावत राहतं.

हिशेब करून बघा. साध्या पैजेत ११० डॉलर लावून १०० जिंकता येतात. दोन्ही बाजू सारख्या असतील तर नुसतं बरोबरीत राहायला १०० पैकी ५२ हून जास्त पैजा बरोबर याव्या लागतात. घराचा, म्हणजे सट्टा कंपनीचा, वाटा साधारण साडेचार टक्के. आता दोन पैजांची साखळी करा, इथे तिला पार्ले म्हणतात, दोन्ही आल्या तरच पैसे. घराचा वाटा नऊ टक्क्यांजवळ जातो. चारांची साखळी केली तर सतरा. अ‍ॅप उघडल्यावर ठळक रंगात पुढे येते ती साखळीच, ‘दहा डॉलरचे एकशे तीस’ या भाषेत. खरं तर तेवढ्या अवघड पैजेचे एकशे साठ मिळायला हवेत. शिवाय सातत्याने जिंकणाऱ्याची पैज कंपनी गुपचूप छाटते: शंभर लावायला गेलात तर ‘तुमच्यासाठी मर्यादा तीन डॉलर’. हरणाऱ्याला अशी मर्यादा कोणी घालत नाही, उलट फुकटची पैज भेट येते.

ज्ञानाचाही फारसा उपयोग नाही. पिट्सबर्ग पायरेट्सचा टुकुपिटा मार्कानो जखमी म्हणून बसून होता, संघाच्याच मैदानावर उपचार घेत होता, आणि त्या काळात त्याने आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्या. जून २०२४ मध्ये तो कायमचा बाहेर गेला, तेव्हा लीगने जाहीर केलं की मेजर लीगवरच्या त्याच्या पैजांपैकी जेमतेम ४.३ टक्के जिंकल्या होत्या. ड्रेसिंग रूममध्ये बसणाऱ्याची ही गत, तर फँटसी संघ लावताना ‘मला क्रिकेट कळतं’ म्हणणाऱ्या आपल्या भाच्याला काय सांगावं?

खेळाडूंना जी शिवीगाळ सोसावी लागते तिचा उल्लेख घरच्या चर्चेत फारसा येत नाही. मे २०२५ मध्ये ह्यूस्टनचा लान्स मॅकलर्स दोन वर्षांहून जास्त काळाने दुखापतीतून परतला, एक डाव वाईट गेला, आणि त्याच्या लहान मुलांना मारण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांनी शोध घेतला तेव्हा परदेशातला, पैसे हरलेला, दारूच्या नशेतला माणूस निघाला.

इथे शिकायला आलेल्या मुलांसाठी एक व्यवहाराची गोष्ट, कारण कोणी सांगत नाही. कर-कायद्याने अनिवासी असलेल्या परदेशी माणसाला, म्हणजे पहिली काही वर्षं बहुतेक विद्यार्थ्यांना, सट्ट्यातली हार साधारणपणे वजा करता येत नाही. जिंकलेली रक्कम तेवढी दिसते. निवासी असाल तरी २०२६ पासून हरलेल्या रकमेच्या ९० टक्केच वजावट आहे. वर्षभरात १०,००० जिंकून १०,००० हरलात तरी कागदावर १,००० डॉलरचं उत्पन्न उरतं. आणि ती वजावट मिळवायला खर्चांची तपशीलवार यादी भरावी लागते, जी बहुतेक तरुण भरत नाहीत.

मुंबईच्या मटक्याचं मूळ न्यूयॉर्कमध्ये होतं, हे आजच्या पिढीला ठाऊक नसतं. मटक्याआधी आकडा लागायचा तो न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या कापसाच्या ओपन आणि क्लोज भावांवर. ते भाव तारेने मुंबईत यायचे. गिरणगावातल्या कामगाराला अमेरिकेतल्या कापसाशी काय देणंघेणं? त्याला एवढंच हवं होतं की आकडा इथल्या कोणाच्या हातात नसावा. १९६१ च्या सुमारास ते भाव बंद झाले आणि मडक्यातून चिठ्ठ्या, पुढे पत्त्यांतून आकडा काढायची पद्धत आली. तेव्हाही आकडा उघड, चारचौघांसमोर काढण्यावर धंद्याची पत अवलंबून असायची. वरळीच्या सटोडियांना जे कळत होतं ते वकिलांच्या फौजा बाळगणाऱ्या कंपन्यांना आणि लीगला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं: ज्याचा निकाल एका ओळखीच्या माणसाच्या मनगटात आहे, त्यावर भाव लावायचा नसतो.

दिल्लीत कधी ना कधी बंदी सैल करण्याचा विषय निघेल. कर बुडतो म्हणून निघेल, न्यायालयामुळे निघेल, किंवा परदेशी संकेतस्थळं ‘क्रीडावार्ता’च्या नावाखाली जाहिराती करतच राहिली म्हणून निघेल. तेव्हा अमेरिकेचा अख्खा नमुना उचलू नये. नावावरचं खातं, आधी भरलेले पैसे आणि संशयास्पद व्यवहाराचा इशारा, एवढं घ्यावं. सामना चालू असताना जाहिरात नको. समालोचकाच्या तोंडी भाव नकोत. चेंडू, षटक, नो-बॉल, टॉस असं काहीही यादीत नको. आकड्यांत बोलायचं तर ज्या पैजेचा निकाल दोन्ही संघांतल्या बावीस माणसांच्या खेळावर ठरतो, तेवढीच ठेवावी. मग धंदा लहान होईल, अशी ओरड कंपन्या करतील. होऊ दे.

अर्धी सुधारणा कशी दिसते तेही इथे पाहायला मिळालं. आरोपपत्राच्या दुसऱ्या दिवशी मेजर लीगने जाहीर केलं की अमेरिकेतल्या ९८ टक्क्यांहून जास्त बाजार हाती असलेल्या कंपन्या एका पिचवरची पैज २०० डॉलरपर्यंत मर्यादित ठेवतील आणि ती साखळीत घेऊ देणार नाहीत. ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन या पैजा मुळातूनच बंद करा म्हणून मागे लागले होते. लीगने मधला रस्ता काढला. आता २०० डॉलरच्या मर्यादेत पाच हजारांची लाच परवडत नाही, हा त्यामागचा हिशेब. पण वीस खाती म्हणजे चार हजार डॉलर होतात, आणि वीस चुलतभाऊ जमवणं कोणत्याच देशात अवघड नाही.